मॉलीचं माहेर
पंजाबात बाळंतिणीला देतात त्या पंजिरीसाठी तुपात कणीक भाजायला घेतली की मला चंदीगडचं आमचं सरकारी क्वार्टर आठवतं. मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण चौऱ्याऐंशीच्या दंगलींत कर्फ्यू लागला आणि साताऱ्याला जायचं तिकीट पर्समध्येच राहिलं. आमच्या काचेच्या टाकीतली काळी मॉलीही तेव्हा पोटुशी होती. बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात, म्हणून मी लोणच्याची मोठी बरणी धुऊन, तिच्यात कालपासून साठवलेलं पाणी भरून दाट शेवाळ सोडत बसले होते. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या सरदारीणबाई जिन्यात थबकल्या. त्या दिवसांत शेजारीपाजारी बोलणंही आटलं होतं, तरी त्यांनी विचारलं, "ये क्या बना रही है?" "इसका मायका," मी म्हणाले आणि मला एकदम रडूच कोसळलं. त्या वर गेल्या आणि गरम पंजिरीची वाटी घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "तेरा मायका एक मंजिल ऊपर है, पुत्तर." माझं बाळंतपण त्यांनीच केलं. लेक आता चाळिशीला आलीय, पण आजोळ कुठलं म्हणून कुणी विचारलं तर अजून चंदीगडच सांगते.