कमी मृत्यूंचं हॉस्पिटल

घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात शिरल्याबरोबर काउंटरमागे मोठी पाटी दिसली: उपनगरात सर्वांत कमी मृत्यूदर. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, इथेच ठेवू ना. इथे माणसं मरत नाहीत." मलाही पटलं. पाटी वाचून आम्ही बापाला ॲडमिट केलं.

आधी बाबांची किडनी गेली, मग छाती भरली. ते आता घरी येत नाहीत, हे आम्हाला कळून चुकलं होतं. त्यांना फक्त आई जवळ हवी होती, आणि तिच्या हातची पेज. त्या दुपारी आई पेज आणायला भांडुपला घरी गेली, आणि तेवढ्यात मोठे डॉक्टर आले.

"पेशंटला दुसरीकडे हलवा. मोठ्या हॉस्पिटलात जास्त सोयी आहेत."

"तिथे वाचतील?"

त्यांनी फाइल मिटली. मी हात जोडले. "डॉक्टर, शेवटचंच आहे ना? मग आई येईपर्यंत तरी राहू द्या हो!"

"अँब्युलन्स खाली लागलीय," म्हणाले आणि चालते झाले. असा संताप आला! पण बापाला स्ट्रेचरवर घेतल्यावर भांडणार कोणाशी? भाऊ आईला फोन लावत होता. तिचा फोन पिशवीच्या तळाशी वाजत असणार, नेहमीसारखा.

साकीनाक्याला सगळी वाट लागली होती. सायरन बोंबलतोय, पुढचा टेम्पो ढिम्म हलत नाही. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी याच नाक्यावरच्या गाळ्यात लेथ चालवली होती. त्यांनी डोळे उघडले. "तुजी आवस इली?" मी म्हटलं, "आई येतेय बाबा, वाटेतच आहे." सिग्नल सुटायच्या आत ते गेले.

मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती. तिने नाडी बघितली आणि आमच्यावरच उखडली. "अशा माणसाला हलवतात का? आणि तुम्ही हलवू दिलंत?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिथे मेले असते तर त्यांचा आकडा वाढला असता. आमच्या आकड्यात पण धरता येणार नाहीत. आणलं तेव्हाच गेलेले होते."

आई पेजेचा डबा घेऊन आधी घाटकोपरलाच गेली. बाबांच्या खाटेवर दुसरी चादर घालत होते म्हणे.

परवा शेजारच्या काकू नवऱ्याला त्याच हॉस्पिटलात न्यायला निघाल्या. मी त्यांना दारातच अडवलं, सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण पाय बाहेरच. "अगं, तुमचं नशीब खोटं. तिथे मृत्यू कमी आहेत, लिहिलंय ना तसं."

आई आत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"ते म्हणतत थंय नाय, हे म्हणतत हंय नाय," ती म्हणाली. "मगे आमचे हे मेले खंय?"