खंगाळलं म्हणजे घासलं न्हाई

नवी सून कमी बोलते, म्हणून तिच्याकडे किस्से लवकर साचतात. माझ्याकडचे तर सगळे सासूबाईंच्या एका गुडघ्यावर उभे आहेत. बदलून घेतलेल्या, धातूच्या!

*

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी माठ धुऊन ठेवला. सासूबाईंनी आत हात घालून बोट फिरवलं.

"बुळबुळ हाय अजून. खंगाळलं म्हणजे घासलं न्हाई!"

सगळ्या घरासमोर.

*

दिवाळीनंतर तो गुडघा सुजला. सासूबाई डॉक्टरकडे जाईनात. टेंभुर्णीच्या मावशींनी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाठवल्या. "मला बराबर लागू पडल्या!"

मावशींनी त्या घेतल्या होत्या दाढेसाठी.

*

शेवटी गेलो. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून, त्यात जंतू वाढतात का ते बघायला कल्चरला पाठवलं. सासऱ्यांचं मस्तगडला बियाण्यांचं दुकान. जन्मभर उगवणीचीच काळजी. रिपोर्ट बघून ते पेढे घेऊनच दवाखान्यात शिरले. "काहीच उगवलं न्हाई!"

डॉक्टरांचा पेढा हातातच राहिला. "आधी काही गोळ्या घेतल्या होत्या का?"

सासूबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"काका, त्या गोळ्यांनी जंतू मेले नाहीत. दडलेत."

*

पुढचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जंतू धातूला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर करतात. त्याला म्हणे बायोफिल्म म्हणतात. त्यात ते निवांत बसतात, औषध वरवरून जातं. सांधा काढायचा, आतून साफ करायचं, काही आठवड्यांनी नवा बसवायचा. उशीर केला तर पायही जाऊ शकतो.

सासरे पांढरेफटक. सासूबाई ठाम: "पुन्हा कापायचं न्हाई. सलाइनमधून काय द्यायचं ते द्या."

"आई," मी म्हणाले. डॉक्टरांसकट सगळे वळले. "खंगाळलं म्हणजे घासलं न्हाई."

नवऱ्याने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "उघडा."

*

ऑपरेशन झालं. भूल कंबरेखालचीच होती, सासूबाई जाग्या होत्या. काढलेला सांधा लॅबला पाठवण्याआधी डॉक्टरांनी बंद पारदर्शक डब्यात दाखवला. मी वाकून बघितलं. काहीतरी हिरवं-काळं दिसेल असं वाटलं होतं.

लख्ख! नव्या भांड्यासारखा!

सासरे हादरले. "हे तर बिलकुल साफ हाय! उगंच काढलं की काय?"

सासूबाईंनी पडल्यापडल्या डबा मागितला. उजेडात धरून फिरवला.

"साफ कुठलं? सूनबाईच्या माठावानी दिसून राह्यलं."