सुपडूभाऊचा दम

काल एक्स-रे काढताना तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, श्वास रोखून धरा," आणि मी थेट हुतुतूच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. मी जळगावात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो आणि आमचा सुपडूभाऊ म्हणजे दमाचा राजा. तो चढाईला गेला की बघणारे आम्ही सगळे श्वास धरायचो. कुणी मध्येच सोडला तर त्याचा दम तुटतो, अशी आमची पक्की समजूत. मग धुळ्याच्या एका गिरणीने त्याला नोकरी दिली आणि तो त्यांच्याकडून आमच्याविरुद्ध खेळायला आला. टाळी सोडाच, त्याच्या तोंडाकडेही बघायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

सामना अटीतटीला आला आणि तो "हुतुतूतू" करत आमच्या अंगणात शिरला. मैदान चिडीचूप. आमचे दोन गडी मारून त्याने मधली रेघ गाठली, तेव्हा आमच्याच बाजूने सगळ्यांचा श्वास एकदम सुटला, लोहाराच्या भात्यासारखा. आम्ही हरलो होतो.

मी शेजारच्या नानांवर खेकसलो, "नाना, तुम्हीसुद्धा?"

ते छाती चोळत म्हणाले, "काय करू भो, हाई छाती आयकस नही."

मी तोंड फिरवलं. माझाही श्वास तेव्हाच सुटला होता, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

"आजोबा, सोडा ना आता," मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली. सोडणार कसा? सुपडूभाऊ अजून रेघेपर्यंत पोचायचा होता.