बाबनरावांचे दोनशे चौदा काठ

बुटीबोरीच्या कापडगिरणीत बाबनराव सव्वीस वर्षं कापडातले दोष शोधत होते. एवढे दोष पाहून झालेला माणूस घरी आला की कापडाचं नाव काढणार नाही, असं तुम्हाला वाटेल. बाबनराव घरी येऊन पुन्हा कापडच पाहायचे.

नागपुरात गोळीबार चौकामागच्या विणकर घरात जन्मून मागावर न बसलेले ते पहिलेच. वडिलांचा हातमाग कधीच मोडीत गेला होता. त्याची भरपाई म्हणून की काय, बाबनरावांनी नागपूर-उमरेडच्या म्हाताऱ्या बायांकडून जुनी करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते विणलेली, पातळं एका दिवसाच्या बोलीवर मागून आणायला सुरुवात केली. भिंग लावून काठाचा धागा न् धागा मोजायचा आणि कॉम्प्युटरवर एक धागा म्हणजे एक चौकट अशी रंगवायची. सात वर्षांत दोनशे चौदा काठ झाले. दिवाळीनंतर उमरेडच्या एका विणकाम वर्गाला ते द्यायचे होते. तिथल्या पोरी ते पुन्हा मागावर चढवणार होत्या.

"लग्नात मी कोणत्या रंगाचा शालू नेसली होती, हे विचारलं तर सांगता येत नाही," त्यांच्या बायको चंद्रकलाबाई म्हणायच्या, "आन् लोकायच्या पातळाचे धागे मोजून राहिले!"

गिरणीच्या बसमध्ये बाबनरावांच्या शेजारी अठरा वर्षं दुर्गेश बसायचा. तो तिथल्या कॉम्प्युटर विभागात होता. बाजारात आलेल्या वस्तूचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. त्याचा सगळा जीव यायच्या असलेल्या वस्तूंवर.

"किती रडवून राहिले गा त्या मशीनले, बाबनराव!" घरचा जुना कॉम्प्युटर एक काठ उघडायला पाच मिनिटं घेतो, हे ऐकून तो एकदा म्हणाला. "नवीन सिस्टिम टाका. अजून बाजारात यायची आहे. बीटा."

"आन् माहे काठ?"

"जुनी सिस्टिम जागच्या जागी राहते. नवीन तिच्या बाजूले. चालू करतानी मशीनच विचारते, कोणात जाऊ म्हणून. नमुना असते तो, नमुना! नमुना विणल्यानं पातळ फाटते काय?"

विणकराच्या पोराला हे लगेच पटलं. तरी सव्वीस वर्षांची दोष शोधायची खोड जाते कुठे?

"तू टाकलं काय तुह्या घरी?"

"टाकलं म्हणजे? पंधरा दिवस झाले. लोणी आहे, लोणी!"

रविवारी दुर्गेश आला. आल्याआल्या त्याने पेनड्राइव्ह मागितला, कारण नवीन सिस्टिम त्यात भरावी लागते आणि त्यासाठी तो आधी कोरा करावा लागतो. घरात पेनड्राइव्ह एकच होता. त्यात काठांची दुसरी प्रत होती.

"दुसरी प्रतच ना? पहिली मशीनमध्ये आहे, मग काहून घाबरता?"

बाबनरावांनी पेनड्राइव्ह दिला. मग डिस्कची वाटणी सुरू झाली. अर्धी जुनीला, अर्धी नवीला. दोन पातळं एकाच ताण्यावर विणताना मध्ये कात्रीपुरती जागा सोडतात, ते आठवून बाबनराव म्हणाले, "मधात चार बोटं मोकळं सोडजो बे." दुर्गेश पोट धरून हसला. बाबनरावही हसले.

एकसष्ट टक्क्यांवर मशीन थांबलं. अर्धा तास वाट पाहून दुर्गेशने ते बंद करून पुन्हा चालू केलं आणि डिस्कच्या वाटणीपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. शेवटी पडद्यावर निळं फूल उमललं आणि नव्या सिस्टिमने बाबनरावांना त्यांचं नाव विचारलं. कोणात जाऊ, हे मात्र विचारलं नाही. जुनी सिस्टिम यादीतच नव्हती. काठांच्या जागी 'रिकामी जागा' असं लिहिलेलं होतं.

"दोन मिनटाचं काम आहे, उद्या पाहतो," असं म्हणून दुर्गेश चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी तो बसला आला नाही. फोन उचलला नाही. संध्याकाळी बाबनराव मानेवाड्याला त्याच्या घरी गेले. दुर्गेश भाजी आणायला गेला होता. त्याच्या बायकोने, प्रेमलताने, बसायला सांगितलं. समोर टेबलावर दुर्गेशचा कॉम्प्युटर चालू होता, आणि त्यावर जुनीच सिस्टिम होती.

"नवीन काढून टाकली काय, वहिनी?"

"टाकलीच कुठं, भाऊजी? आधी बाबनरावच्या इथं कशी चालते ते पाहू द्या, म्हणत होते. मग आपल्यात टाकू."

ती माउली कौतुकानेच सांगत होती.

तेवढ्यात मेथीची जुडी घेऊन दुर्गेश दारात उभा राहिला. बाबनरावांचा आवाज चढला नाही, हीच वाईट गोष्ट होती.

"नमुना म्हणे तू. नमुना ज्याचा त्यानं आपल्या ताण्यावर विणावा लागते बे. दुसऱ्याच्या मागावर नाही. माह्या बापानं जिंदगीत असं केलं नाही."

"चुकलं गा, बाबनराव..."

बाबनराव चहा न घेता निघाले.

सीताबर्डीच्या एका दुकानदाराने आठवडाभर खटपट करून एकोणसाठ काठ परत काढून दिले. बाकीच्यांसाठी बाबनराव पुन्हा दारोदार फिरले. कोणी पातळाची गोधडी शिवली होती. उमरेडच्या एका आजीबाईंनी तर खुशीत सांगितलं, "ते भांडेवालीले देल्लं ना, दादा. हा पाहा, स्टीलचा डबा आला." बाबनरावांनी डबा पाहिला. झाकण चांगलं घट्ट बसत होतं.

पुढचे दोन आठवडे दुर्गेश बसमध्ये त्यांच्यासाठी रुमाल टाकून जागा धरायचा, आणि बाबनराव काही न बोलता तिथेच बसायचे. अठरा वर्षांची सवय ती, रागापेक्षा जुनी. एका सकाळी, खापरीचा थांबा यायच्या आधी, दुर्गेशला ते असह्य झालं.

"बाबनराव, बोला ना गा काही. शिव्या द्या."

बाबनराव त्याच्याकडे वळले.

"एकच सांग. तुह्या मशीनवर ते केव्हा टाकून राहिला?"

"ते? आता नाही टाकत बाप्पा! डोकं फिरलं काय माहं?"

बाबनराव उठले. मागे चार सीटा रिकाम्या असताना, थेट बुटीबोरीपर्यंत ते ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून उभे राहिले.