सहावर थांबलेला काटा

सुलभाताईंच्या निखिलचा फोन आला तेव्हा मी लुडविग्सहाफेन स्टेशनवर एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, वाट बघत उभी होते. लहानपणापासून मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारा हा मुलगा त्या दिवशी मराठीत बोलला. "आई गेली." पुढचं सगळं जर्मनमध्येच... हॉस्पिटल, कागदपत्रं, हॅम्बर्गहून तो कधी निघणार ते. मला लगेच रडू आलं नाही. आधी भीती वाटली. आता विचारायचं कुणाला, अशी एक विचित्र भीती. याला आज पाच आठवडे झाले.

सुलभाताई माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या सांगलीच्या. नवरा लवकर गेला, आणि त्यांनी इथल्या रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तीस वर्षं नोकरी करून मुलाला वाढवलं. घरी बिअर करायचा नाद त्यांना तिथल्याच एका सहकाऱ्यामुळे लागला. स्वतः प्यायच्या जेमतेम अर्धा ग्लास, बाकीच्या बाटल्या बिल्डिंगमध्ये वाटून टाकायच्या. त्यांच्या डाव्या डोळ्याखाली टाक्यांची खूण होती. सुरुवातीच्या दिवसांत, आंबणं पुरतं व्हायच्या आधीच भरलेली एक बाटली आत वायू कोंडून त्यांच्या हातात फुटली होती. "मी अजून घाबरते," त्या सरळ सांगायच्या, "आणि जो घाबरत नाही त्याला मी माझ्या बिअरच्या बादलीला हात लावू देत नाही." बुडबुडे थांबले, फेस खाली बसला, तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. उंच काचेच्या नळीत थोडी बिअर काढायची, तिच्यात काचेचा काटा तरंगत सोडायचा आणि आकडा वाचायचा. इथे त्या काट्याला श्पिंडेल म्हणतात. साखर जसजशी संपते तसा आकडा उतरतो. त्यांच्या बिअरचा आकडा बाराला सुरू व्हायचा आणि तीनच्या आसपास यायचा. तिथे तो तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. केमोने वास आणि चव दोन्ही गेली. तरी एप्रिलमध्ये त्यांनी एक बादली लावायला घेतली, म्हणजे त्यांनी पलंगावरून सांगायचं आणि मी करायचं. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, गाठ वाढलेली नाही, स्थिर आहे. मी आनंदाने केक घेऊन वर गेले. ताईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "वाढली नाही म्हणाले गं. गेली असं नाही म्हणाले." मी विषय बदलला. त्यांच्या तोंडून ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

बादली मागच्या कोठीच्या खोलीत होती. तिथली खिडकी किलकिली राहिली होती आणि बाहेर अजून कडाक्याची थंडी होती. "काटा हलतोय का?" ताईंनी झोपेतच विचारलं. औषधांनी त्यांना सारखी ग्लानी असायची. "नाही, तीन दिवस जागचा हललेला नाही." "मग भर." आकडा त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही. वीस बाटल्या भरल्या, वर वायू धरण्यासाठी थोडी साखर घातली आणि पहिला आठवडा ऊब लागते म्हणून तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत, बॉयलरच्या भिंतीला लावून ठेवल्या. दोन दिवसांनी ताईंना हॉस्पिटलमध्ये हलवलं.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज खूप दिवसांनी स्वच्छ होता.

"आकडा किती होता गं?"

"सहा."



"मेघना, ती झालेली नव्हती. थंडीने यीस्ट गारठलं होतं. आता ऊब मिळाली की ते उरलेली साखर खाईल... बाटल्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. सांगतानाच आठवलं, दर रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या फ्राऊ क्रेमर तिथे कपडे वाळत घालतात. वय ब्याऐंशी, ऐकायला कमी. मी अनवाणीच जिने उतरले. त्या बॉयलरकडे पाठ करून चादर झटकत होत्या, पायाशी बाटल्यांचे क्रेट. मी हाका मारल्या, त्यांना ऐकू गेल्या नाहीत. शेवटी आत शिरून त्यांचा दंड धरला आणि अक्षरशः ओढत बाहेर आणलं. त्या रागावून काहीतरी बोलत होत्या. मी दार लावलं आणि आत एक बाटली फुटली. दारावर काचा आपटल्याचा आवाज त्यांनासुद्धा ऐकू आला. त्या माझा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या.

हातातला फोन चालूच होता. "आत जाऊ नकोस," ताई म्हणाल्या. "दाराबाहेरच्या बटणाने बॉयलर बंद कर. खोली गार होऊ दे. दोन तास. मग जाड कोट, ओव्हनचे हातमोजे, निखिलचा स्कीचा चष्मा माझ्या कपाटात आहे. प्रत्येक बाटलीवर जाड टॉवेल टाकायचा आणि मगच झाकणाची तार सोडायची. तोंड बाजूला."

दोन तासांनी मी आत गेले. जाड हातमोज्यांमुळे पहिली तार लवकर सुटेना. फोन स्पीकरवर, शेल्फवर. प्रत्येक वेळी टॉवेलखाली जोरात फुस्स व्हायचं आणि ताई हळूच मोजायच्या... सात. आठ. मध्ये एकदा नर्सने त्यांना आराम करायला सांगितलेलं ऐकू आलं, त्यांनी जर्मनमध्ये ठामपणे नकार दिला. एकोणीस झाल्यावर म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत ना?" मी हो म्हटलं आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. "माझी चूक," मी म्हणाले. "मी आकडा विचारायला हवा होता," त्या म्हणाल्या. "आता सगळी परत बादलीत ओत. चव बिघडेल, बिघडू दे. पण तिला पूर्ण होऊ दे."

नऊ दिवसांनी त्या गेल्या.

बादली माझ्या स्वयंपाकघरात, उबेत आहे. ताई गेल्या त्या दिवशी आकडा चार होता, नंतरच्या आठवड्यात तीनवर आला. परवा निखिल ताईंचं घर आवरायला आला होता. त्याने झाकणावरून हात फिरवला आणि विचारलं, "फेर्टिश?" झाली का? चार आठवडे काटा तीनवरून हललेला नाही. नियमाप्रमाणे ती केव्हाच झालीय. मी त्याला म्हटलं, उद्या बघू. आज सकाळी पुन्हा नळी भरली, काटा सोडला, वाकून आकडा वाचला. तीन. धुतलेल्या बाटल्या ओट्यावर रांगेत उभ्या आहेत... आणि मला अजून हात लावायचा धीर होत नाही.