दुसरं शहाळं

चामटोलीच्या त्या घरात रोज संध्याकाळी एकच शहाळं यायचं, आणि ते अंजनीसाठी नसायचं. धाकटी जाऊ काशी, तिला छातीचा कॅन्सर झालेला. तिचा नवरा हरेश बदलापूरहून शहाळं आणायचा आणि सासू बनूबाई ते स्वतः फोडून काशीच्या हातात द्यायची. हीच बनूबाई अंजनीला बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत लावणीच्या चिखलात घेऊन गेली होती. अंजनी आनंदनगरच्या कंपनीत आठ तास उभी राहून डबे पॅक करायची, घरी येऊन सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची आणि मनात म्हणायची, आजारी पडावं तर हिच्यासारखं. मग स्वतःचीच लाज वाटायची. पण हेवा काही लाजेला जुमानत नाही.

तिच्याही डाव्या छातीत दिवाळीपासून गाठ लागत होती. दुखत नव्हती, आणि जे दुखत नाही ते दुखणं कसलं, असं आळीतल्या बायकांसारखं तिनंही धरलं होतं. शिवाय आता तोंड उघडलं तर लोक म्हणणार, जावेचे लाड बघून हिलाही सोंग सुचलं. म्हणून ती गुपचूप चुना-हळदीचा लेप लावायची.

किमो चालू असल्यानं काशीकडे एकच काम उरलं होतं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. एक दिवस ती अंजनीचा ब्लाउज घेऊन स्वयंपाकघरात आली. आतून डाव्या बाजूला तांबूस डाग होता.

“कधीपासून लावतेस, ताई?”

अंजनी म्हणाली, घामाचा असेल. काशी जागची हलली नाही.

“मी आठ महिने हेच लावत होते. माझीपण दुखत नव्हती.”

काशीनंच घरात सांगितलं, काशीच तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. गाठीचा तुकडा तपासायला गेला, काही दिवसांनी रिपोर्ट आणायला अंजनी एकटीच गेली. गाठ कॅन्सरचीच होती, पण लहान. काखेपर्यंत गेलेली नव्हती. वेळेत आलात, उपचार चांगले लागू पडतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हरेशनं दोन शहाळी आणली. बनूबाईनं पहिलं फोडून अंजनीच्या हातात दिलं. वर्षभर ज्याच्यासाठी जीव जळला, ते शहाळं ती आता नुसतं हातात धरून बसली.

“केवढी म्हणाल्या?” काशीनं विचारलं.

“बोराएवढी.”

काशी डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत बसली.

“माझी लिंबाएवढी झाली तेव्हा बोलले मी. खरं सांगू ताई, आज मला तुझा हेवा वाटतो.”

अंजनीनं आपलं शहाळं तिच्यापुढे धरलं. काशीनं ते घेतलं नाही.