परत आलेली एक सीट

माझा मामा सीटा शिवतो. स्कूटरच्या, ट्रॅक्टरच्या, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचीही शिवली. दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तीस वर्षांत एकही सीट परत आली नाही.' या यशाचं गुपित असं की, तयार झालेल्या प्रत्येक सीटवर मामा आधी स्वतः बसून बघतो. डोळे मिटतो, डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, मग मान हलवतो. त्याचं बूड इतकं ऐसपैस आहे की, त्याला जी सीट पुरली ती जगात कुणालाही पुरते.

मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये चार इंजिनियर पोरांनी शर्यतीची टीम काढली. त्यांची पहिलीच गाडी. चारही चाकं उघड्यावर, मधे एका माणसापुरती फट. मामीने ती पाहिली आणि साळसूदपणे विचारलं, बाकीचे कुठे बसणार? टीमच्या म्होरक्याने, ज्याला सगळे चष्मिश म्हणत, चष्मा काढून पुसला. सीटचं काम मात्र मामालाच मिळालं, आणि पाटीची कीर्ती आता शर्यतीच्या मैदानात जाणार म्हणून तो आठवडाभर घरात छाती काढून फिरला.

अशा गाडीची सीट शिवत नाहीत, ड्रायव्हरभोवती ओततात. ड्रायव्हरला प्लॅस्टिकच्या पिशवीला टेकवून बसवायचं आणि पिशवीत दोन औषधं ओतायची. फोम फुगतो, पाठीला, कमरेला जाऊन भिडतो आणि त्याच आकारात घट्ट होतो. ड्रायव्हर म्हणजे छत्रीच्या काडीएवढी एक मुलगी. सांगितलं तेवढा वेळ ती पुतळ्यासारखी बसली, अलगद उठली, आणि सगळे चहाला गेले. फोम अजून पुरता वाळायचा होता. शेडमध्ये मामा एकटा उरला, आणि समोर नवी कोरी सीट.

तीस वर्षांची सवय. तो बसला.

पुढचं मला मामीने सांगितलं. ती कव्हर घेऊन पोचली तेव्हा मामा गाडीत रुतून बसलेला. डोळे मिटले होते, पण कलायला जागा नव्हती आणि उठायला तर त्याहून नव्हती. मामीने काखेत हात घालून ओढला, मग खांद्याला धरून ओढला, मग त्याच्या खाण्यापिण्याबद्दल चार शब्द ऐकवत ओढला. तो बाहेर निघेपर्यंत फोमचा दगड झाला होता. थोडा दबलाय, कुणाला कळणार नाही, असं मामाने तिला बजावलं आणि वरून कव्हर चढवून टाकलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव होता. दर फेरीनंतर मुलगी एकच तक्रार करी : वळणावर गाडी मागून घसरतेय. पोरांनी मागची चाकं खोलली, स्प्रिंगा बदलल्या, लॅपटॉपला विचारलं. लॅपटॉपच्या मते गाडी गुणी बाळ होती. दुपारी चष्मिशने सांगून टाकलं की कारण सापडलं नाही तर उद्या गाडी उतरवायची नाही. वर्षभराची मेहनत, आणि त्याचा आवाज पार खोल गेला होता.

मामा कठड्याशी उभा होता. त्याला गाडी दिसतच नव्हती, दिसत होतं ते फक्त हेल्मेट. वळण आलं की ते या कडेहून त्या कडेला जायचं, रिकाम्या डब्यातल्या शेंगदाण्यासारखं. मामीनेही पाहिलं.

"अहो, पाटी पुसता येते," ती हळूच म्हणाली. "बोला आता."

मामा चष्मिशसमोर जाऊन उभा राहिला. आधी टेप काढून उगाच गुंडाळला.

"गाडी नाही घसरत," तो म्हणाला. "पोरगी घसरतेय. माझ्या मापात बसलीये ती."

चष्मिशने कव्हर उसवलं. आत मामा होता, पाठमोरा, अगदी हुबेहूब, मागच्या खिशातल्या टेपच्या डबीसकट. मुलगी आळीपाळीने खड्ड्याकडे आणि मामाकडे बघत राहिली, मग गुडघ्यांवर हात टेकून हसत सुटली. तिच्यामागे चष्मिशही.

नवी सीट त्याच दुपारी ओतली. या वेळी मामा आणि गाडी यांच्यामध्ये मामी स्टूल टाकून बसली, फोम खणखणीत वाजेपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी अकरा गाड्यांत टीम नववी आली. चष्मिश पहिला आल्यासारखा रडला.

जुनी सीट पोरांनी मामाच्या दारात आणून ठेवली. मामाने शिडी लावली आणि पाटी स्वतःच्या हाताने बदलली : 'तीस वर्षांत एकच सीट परत आली.' आता गिऱ्हाईकं आत शिरताच विचारतात, कुठली हो ती? मामा मशीन थांबवतो, जरासा उठतो आणि बुडाखाली बोट दाखवतो. इतकी मापाची बैठक त्याला जन्मात मिळाली नव्हती.

"शर्यतीची आहे," एवढंच म्हणतो, आणि परत बसतो.